मोठी एबीसीडी

प्रिय रत्ना,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधी सांगतो, आई बरी आहे. आत्ता ओट्यावर ऊन खात बसली आहे आणि वॉकरच्या पायाला चिंधी बांधते आहे, कारण शेणाच्या जमिनीला त्याचे खड्डे पडतात. मीही बरा आहे. खोकला आहे, पण तो असतोच. घरात सगळं ठीक आहे, हे दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

शेजारच्या सुक्याचा अजय सोमवारी सकाळच्या गाडीनं शहापूरला जाणार आहे. त्याच्या हाती हे देतो आहे. तुझ्याच हातात द्यायचं, दुकानात जावयांकडे, नरेंद्ररावांकडे ठेवायचं नाही, असं त्याला बजावलं आहे. तो म्हणाला, "आजा, कितीदा सांगशील? मी काय पत्र खाणार हाय का?" पण मला धीर नाही. पोस्टात टाकलं असतं तर कधी पोचलं असतं कुणास ठाऊक, आणि हे सोमवारीच पोचायला पाहिजे. तू अंगणवाडीचा राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहेस आणि सोमवारी दुपारी ऑफिसात जाऊन देणार आहेस, असं नरेंद्रराव परवा सांगून गेले. आईजवळ येऊन राहणार म्हणतेस. देण्याआधी हे पूर्ण वाच. वाचून झाल्यावरही द्यावासा वाटला तर दे, मी आडवा येणार नाही. पण पूर्ण वाच.

मला लिहायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. पाचवीत शाळा सुटली. त्या वर्षी गुरुजींनी इंग्रजी चालू केलं होतं. फळ्यावर मोठी एबीसीडी झाली, आणि लहान एबीसीडी सुरू व्हायच्या आत माझ्या बापानं मला ढोरांमागे लावलं. त्यामुळे मला इंग्रजी येतं ते मोठ्या अक्षरांपुरतं. लहान अक्षरं आजही माझ्यासमोर किड्यामुंग्यांसारखी पळतात. पण मोठ्या अक्षरांवर मी नोकरी काढली. भातसानगरला धरणाच्या कॉलनीत चौकीदार असताना गाड्यांचे नंबर, साहेबांच्या दारावरच्या पाट्या, सगळं मी वाचत असे आणि वहीत उतरवत असे. कॉलनीतले लोक म्हणायचे, जयरामला इंग्रजी येतं. मी नाही म्हणत नसे. बरं वाटायचं.

त्यात तो दिवस आला, ज्याबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही. आज मला त्याच्यावरून जायलाच लागेल. शाम वापीला कंपनीत लागून वर्ष होत आलं होतं. तारवाला सायकलवरून क्वार्टरपाशी आला आणि मी तो कागद उलगडला. सगळी मोठी अक्षरं. पहिलं नाव मला लागलं. शाम. पुढचं वाचता आलं, पण कळलं नाही. तो नेहमी म्हणायचा, बाबा, पर्मनंट झालो की तार करीन. मी दारातूनच ओरडलो की शामची तार आली. शेजारच्या बाया जमल्या. तू शाळेतून येऊन नुकतं दप्तर ठेवत होतीस, आठवीतली पोर. मी म्हटलं, माझी रत्ना वाचून दाखवील, तिला पूर्ण इंग्रजी येतं. तू कागद हातात घेतलास. वाचलास. मग माझ्याकडे बघितलंस आणि आधी आईला आत घेऊन गेलीस. तेवढ्या वयात तुला ते कसं सुचलं, मला अजून समजत नाही.

त्यानंतर तू मोठी झालीस, लग्न झालं, तुझी पौर्णिमा कॉलेजात गेली. पण मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं काही अचानक समोर आलं की तुझा हात छातीवर जातो. विजेच्या बिलावरसुद्धा मी पाहिलं आहे. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेव की मला माहीत होतं.

आता फोनचं. आपल्या वाडीत रेंजचे हाल तू जाणतेस. बोलणं तुटतं, पण विहाराच्या मागच्या खडकावर चढलं की मेसेज जातो. म्हणून नरेंद्ररावांनी मला ते लिहायचं ॲप घालून दिलं. त्यांच्या टायपिंगच्या दुकानात जसं आहे तसंच. तिथं ते दोन अक्षरं दाबतात आणि प्रतिज्ञापत्राची अख्खी ओळ उमटते, म्हणून तर तहसीलसमोर त्यांच्याकडे गर्दी असते. माझ्यासाठी त्यांनी सोपं केलं. एक अक्षर दाबायचं, पूर्ण वाक्य येतं, मग पाठवायचं. जी दाबला की "गॅस संपला आहे, पाठवा". आर दाबला की "रत्ना, घरी येऊन जा. आई तुझी वाट बघते." मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. माझ्या जाड बोटांना काना-मात्रा सापडत नाहीत, म्हणून.

पण फोनवर अक्षरं लहान दिसतात. मला ती ओळखू येत नाहीत. मग वरच्या बाणावर दोनदा बोट मारलं की सगळी मोठी होतात, हे मी शोधून काढलं आणि तसंच करू लागलो. ॲपला वाटलं, माणसानं मोठा आर दाबला म्हणजे याला सगळंच मोठं पाहिजे. त्यानं अख्खं वाक्य मोठ्या अक्षरांत उलगडलं. मला काय कळणार? मला तर पहिल्यांदाच स्वतःचा मेसेज नीट वाचता आला म्हणून आनंद झाला. आधी गॅसवाला आला. सिलिंडर उतरवता उतरवता म्हणाला, "काका, एवढं बोंबलायचं काय? आणतोय ना." मी म्हटलं, मी कुठं बोंबललो? तो म्हणाला, मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे बोंबलणंच. आई दिवसभर हसत होती. "घरात आवाज नाय निघत यांचा, आन् फोनवरून बोंबलत्यात," असं जो भेटेल त्याला सांगत होती.

मी त्याच दिवशी शहाणा व्हायला पाहिजे होतं. पण तुला आर गेला होता.

तू आलीस ती मला दिसते. एका पायात चप्पल, दुसरी हातात, तिचा अंगठा तुटलेला. आई सुकट निवडत बसली होती. तू उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघत राहिलीस आणि मग तिथंच खाली बसलीस. हसलीस की रडलीस, मला कळलं नाही. आई म्हणाली, "अगो, असा येतात का घामाघूम? पानी पी आधी." मग तू दोन दिवस राहिलीस. सुकटीचं कालवण केलंस, माळ्यावरची भांडी घासलीस, आईच्या डोक्याला तेल लावलंस, मला माझ्या बनियनवरून बोललीस. पलीकडची जनाबाई येऊन बसायची, तुम्ही तिघी हसायचा, आणि मी बाहेर खाटेवर पडून ते ऐकायचो. शाम गेल्यापासून आपल्या घरात बायांचं हसणं मी इतकं ऐकलं नव्हतं. तुला न्यायला नरेंद्रराव आले तेव्हा त्यांनी फोन बघितला, त्यांना चूक कळली. ॲपमध्ये चालू-बंद करायची एक आडवी गोळी असते, ती त्यांनी सरकवली आणि ती निळी झाली. म्हणाले, "बाबा, आता तुम्ही कितीही मोठं दाबा, मेसेज लहानच जाईल." मी शेजारी बसून बघत होतो.

तुम्ही गेलात आणि घर पुन्हा तसंच झालं. मी लहान अक्षरांत मेसेज पाठवत राहिलो. तू उत्तर द्यायचीस, हो बाबा, येते, या रविवारी जमत नाही, पौर्णिमाची परीक्षा आहे, आहाराचं काम आहे. खरंच असायचं ते सगळं, मला माहीत आहे. आईनं कधी तक्रार केली नाही. पण रविवारी ती दोन भाकऱ्या जास्त थापायची आणि संध्याकाळी त्या जनाबाईकडे जायच्या.

मग तुला दुसऱ्यांदा मोठ्या अक्षरांत मेसेज गेला. तेव्हा तू भाजीच्या टेंपोतून आलीस. किन्हवलीपर्यंत गाडी मिळाली नाही म्हणालीस. वाटेत दोनदा उलटी झाली होती तुला भीतीनं, पदर ओला होता. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं तुला बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "पुन्ना बोंबलला का तुमचा फोन?" मी म्हटलं, मशीनचं काय सांगता येतं. तू मला एक शब्द बोलली नाहीस. उलट माझा हात धरलास आणि विचारलंस, बाबा, बीपीची गोळी घेतली का? ती गोळी तू स्वतः डबीतून काढून दिलीस. मी ती घेतली.

संध्याकाळी नरेंद्रराव मोटरसायकलवर आले. त्यांनी ॲप उघडलं, त्यातली ती आडवी गोळी बघितली, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग तुला म्हणाले, "अपडेट आला असेल, आपोआप बंद झालंय. पुन्हा लावतो." तेव्हा तू जे बोललीस ते मला रोज ऐकू येतं. तू म्हणालीस, "राहू द्या हो. बाबांना तीच अक्षरं वाचता येतात. स्वतः लिहिलेलं त्यांना वाचता तरी येऊ दे. मीच घाबरायचं सोडते. आता मोठी अक्षरं आली की समजेन, माझे बाबा बोलले." आणि हसलीस. एवढी वर्षं पोटात धरलेली भीती तू माझ्यासाठी सोडायची ठरवलीस. आणि मी चहाचा कप हातात धरून खाली बघत होतो.

पुढे तू ते निभावलंस. मी मोठ्या अक्षरांत आर पाठवला की तुझं उत्तर यायचं, एक हसरं तोंड आणि "हो बाबा". मी आईला दाखवायचो.

मग बोअरिंगवर आई पडली तो दिवस. सकाळची वेळ, दगडावर शेवाळ, कंबरेवर कळशी. मी धावलो तेव्हा तिचा पाय वाकडा पडला होता आणि ती कळशी कुठं गेली ते विचारत होती. मी खडकावर चढलो. फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला, नाही. काय झालं ते एकेक अक्षर शोधून लिहायला वेळ नव्हता. मी आर दाबला आणि पाठवला. थोड्या वेळानं निळ्या खुणा आल्या. वाचलास तू. मी खडकावरूनच ओरडलो, रत्नानं वाचलं, निघाली ती! आणि फोन तिथंच ठेवून खाली धावलो. सुक्या आणि अजयनं चादरीची झोळी करून तिला सडकेपर्यंत नेलं, तिथून जीप. मुरबाडला दवाखान्यात पोचल्यावर कळलं की फोन खडकावर राहिला. तुझा नंबर माझ्या तोंडपाठ नाही, अजयकडे नाही. मी म्हटलं, काळजी नको, रत्ना वाटेत आहे. मोठ्या अक्षरांचा मेसेज गेला की रत्ना येतेच.

आई दिवसभर विचारत होती, रत्ना आली का. दुखत होतं तेव्हाही तेच. दुसऱ्या सकाळी अजय शहापूरला गेला, तुझी अंगणवाडी शोधून काढली आणि तुला घेऊन आला. पण तोवर हाड बसवायला तिला आत नेलं होतं. आत नेताना तिनं दाराकडे मान वळवली होती, एवढं मी पाहिलं.

घरी आणल्यावर तू तिच्या उशाशी बसून जे बोललीस ते मी दारामागून ऐकलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन येत होतो. तू म्हणत होतीस, "मी पोरांची वजनं घेत होते. मेसेज वाचला आणि हसून बाजूला ठेवला. हसले गो आई मी. तू तिकडं पडलेली आणि मी हसले." आणि कपाळावर हात मारून घेत होतीस. आई म्हणाली, "तू काय डाक्टर हायस? तू आली असतीस तरी मोडलेला हाड मोडलेलाच व्हता." पण तू ऐकलं नाहीस. तू म्हणालीस, असली नोकरी मला नको, जिच्यापायी आईकडे जाता आलं नाही. नरेंद्रराव अंगणात उभे होते. त्यांनी पुन्हा माझ्याकडे तसंच बघितलं. मी तांब्या आत ठेवला आणि गुरांकडे गेलो. गोठ्यात आता एकच गाय आहे, तिला वैरण घालून झाली होती. तरी मी तिथं उभा राहिलो.

आता ते लिहितो ज्याच्यासाठी हा कागद घेतला. पेन गळतो आहे, डाग पडले तर समजून घे. पहिल्या वेळी मशीनची चूक होती. दुसऱ्या वेळी नव्हती. कुठला अपडेट आला नव्हता. त्या दुपारी आई झोपली होती, मी खडकावर जाऊन ॲप उघडलं आणि नरेंद्ररावांनी सरकवलेली गोळी मीच मागे सरकवली. कुठं बोट ठेवायचं ते मी त्यांच्या शेजारी बसून बघून ठेवलं होतं. ती निळ्याची पांढरी झाली. मग मी मोठा आर दाबला. वाक्य मोठं झालेलं मी वाचून बघितलं. तुझा हात छातीवर जाईल हे मला माहीत होतं. तार आली त्या दिवशीचा तुझा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे आला होता, आणि तरी पाठवलं. मनाला सांगितलं की यात एक शब्द खोटा नाही, आई खरंच वाट बघते. नरेंद्ररावांना हे त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी मला झाकलं, कधी बोलले नाहीत. त्यांच्यावर रागावू नकोस. तू मोठी अक्षरं बघून हसायला शिकलीस ती मी फसवलं म्हणून शिकलीस. त्या दिवशी तू मेसेज बाजूला ठेवलास त्यात तुझा काही दोष नाही. आई दाराकडे बघत राहिली ती माझ्यामुळे. ज्या गोष्टीची शिक्षा म्हणून तू राजीनामा देते आहेस ती तू केलेलीच नाहीस. तुझ्या त्या पोरांना तू पाहिजेस. आईला मी बघतो. भाकरी मला येत नाही, पण भात येतो, आणि आंघोळीला जनाबाई येते. आईला हे सगळं मी काल सांगितलं. तिनं वॉकर जवळ ओढून घेतला. मग म्हणाली, "आता तिला लिवा. तुमच्या अक्षरात लिवा, त्या फोनात नको." म्हणून आपल्या अक्षरांत लिहिलं आहे, यात लहान-मोठं काही नाही. फोन मी अजयजवळ दिला आहे, तो नरेंद्ररावांना देईल. त्यांना ती गोळी पुन्हा निळी करायला सांग. माझं मला वाचता आलं नाही तरी चालेल. आणि हे वाचून धावत निघू नकोस. मला बोलायला ये, हवं तेवढं बोल, आई म्हणते तीही तुझ्या बाजूनं बोलणार आहे. पण पोरांची वजनं आटोप, जेव, दोन्ही पायांत चप्पल घाल, आणि सावकाश ये.

तुझाच,
बाबा